किनाऱ्यावरचं भाड्याचं घर: पाहुण्यांमागची झीज कशी आवरायची

दिवसाच्या भाड्याने घर देणारे मालक सहसा दोन टोकांना जातात. काही जण भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा पाहुण्याच्या नावावर मांडतात. काही जण ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतात आणि चौथ्या हंगामात सगळं घर एकदम दुरुस्तीला काढतात. पैसा दोन्हींत जातो. अलिबागपासून तारकर्लीपर्यंतच्या किनाऱ्यावर तर पाहुण्यांबरोबर खारी हवा, वाळू आणि चार महिन्यांचा पाऊसही घराला झेलायचा असतो, त्यामुळे कोणतं नुकसान कोणाच्या खाती टाकायचं तेही पटकन कळत नाही. एक साधा नियम धरून चला. वस्तू एकदा मोडली तर पाहुण्याच्या हातून मोडली. तीच वस्तू तिसऱ्यांदा मोडली तर ती वस्तू तरी चुकीची आहे, नाही तर तिची जागा.

झाडू हातात घेण्याआधी

अकराला घर रिकामं, एकला नवे पाहुणे, म्हणजे हातात दोन तास. त्यातली पहिली दहा मिनिटं फक्त बघण्यासाठी राखून ठेवा. एकदा साफसफाई सुरू झाली की पुरावाही जातो आणि डाग सुकून बसतो तो वेगळाच.

दारापासून उजव्या हाताने सगळ्या खोल्या फिरा आणि प्रत्येक खोलीचे ठरलेल्या दोन कोपऱ्यांतून फोटो काढा. जागा रोज तीच हवी, नाहीतर मागच्या फोटोशी ताडून बघता येत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की त्यांच्यातली मूळ तारीख-वेळेची नोंद निघून जाते, म्हणून मूळ फोटो काढणाऱ्याच्या फोनमध्येच राहू द्या किंवा थेट ड्राइव्हवर चढवा.

मग चादरी, अभ्रे, टॉवेल उचला. डागांना वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. गादीच्या शिवणींवरून टॉर्च फिरवा. काळे बारीक ठिपके दिसले तर ती ढेकणांची विष्ठा असते, आणि त्या दिवशी ती खोली द्यायची नाही. प्रत्येक नळ अर्धा मिनिट सोडून बेसिनखाली हात फिरवा, फ्लश एकदा दाबा, एसी लावा, गॅसची बटणं बंद आहेत का ते बघा.

आतल्या कपाटाच्या दारावर एक ओळ लावून ठेवा: ‘काही सांडलं-मोडलं तर लगेच सांगा, आम्ही आवरून देतो.’ दंडाच्या पाटीने पाहुणे डाग लपवतात, उलटी घालून ठेवलेली उशी हे त्याचं नेहमीचं लक्षण. या ओळीने त्यांतले निम्मे तरी वेळेत बोलतात.

डाग: कोणता, आणि त्याला काय चालत नाही

चादरींचं बहुतेक नुकसान डागाने होत नाही, डागावर चुकीचं काहीतरी ओतल्याने होतं.

हळद, म्हणजे रश्श्याचा हात. साबण लावला की पिवळा डाग तांबडा होतो. घाबरायचं कारण नाही; हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, एवढंच. आधी भांड्यांच्या लिक्विडने तेल काढा, खळखळून धुवा आणि ओलीच चादर कडक उन्हात टाका. ऊन हळदीचा रंग तोडतं. दोन दुपारींत डाग बराचसा उडतो. इस्त्री मात्र डाग पूर्ण गेल्याशिवाय फिरवू नका.

रक्त असेल तर थंड पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात बसतं. पांढऱ्या सुती कापडावर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब टाका, फेस थांबला की धुवा, गरज पडली तर पुन्हा.

किनाऱ्यावर खरा वैताग देतात ते सनस्क्रीनचे नारिंगी डाग. पांढऱ्या टॉवेलवर धुण्याआधी काहीच दिसत नाही आणि धुतल्यावर गंजासारखे ठिपके उठतात. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं द्रव्य असतं. पाण्यात लोह असलं की त्याच्याशी ते हा रंग धरतं, आणि जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह बऱ्याच ठिकाणी असतं. तुमच्या पाण्यात आहे का ते बघायला पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पिवळट-तांबूस साका बसला असेल तर आहे. अशा डागावर ब्लीच टाकलं की डाग पक्का झालाच म्हणून समजा. आधी भांड्यांचं लिक्विड चोळून तेलकटपणा काढा. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून डागाचा भाग दहा मिनिटं बुडवा आणि तीन पाण्यांतून काढा. लोखंडी पलंगाचा किंवा खिळ्याचा गंजाचा डागही यानेच निघतो. हे विषारी आहे: हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकातलं वापरू नका, पुडी कुलपात ठेवा. घरात ते ठेवायचं नसेल तर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा. वेळ जास्त लागतो, ताज्या डागाला पुरतं.

मेंदीसाठी ऑक्सिजन ब्लीचची पावडर गरम पाण्यात घालून चादर रात्रभर भिजवा. उशीवरच्या केसांच्या तेलाला अभ्र्याखाली चेन असलेलं कव्हर हाच उपाय. आतली उशी एकदा तेलकट झाली की धुऊन वास जात नाही.

एक इशारा केअरटेकरच्या डोळ्यासमोर चिकटवून ठेवण्याजोगा आहे. टॉयलेट क्लीनर बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा असतो. तो आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. दोन्ही बाटल्या एका बादलीत ठेवूच नका. हाच टॉयलेट क्लीनर कडप्पा, मोझेक, संगमरवर यांना खातो आणि टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट पोखरतो. ‘फरशी पाहुण्यांनी खराब केली’ ही तक्रार कित्येकदा आपल्याच सफाईची असते.

चादरींचा हिशेब सोपा: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात, म्हणजे पलंगामागे तीन जोड. पावसाळ्यात घर चालू ठेवणार असाल तर चार. चादर पांढरी सुती घ्या. पाहुण्याला स्वच्छता दिसते आणि डागावर इलाज करता येतो. टॉवेल मात्र ४०० ते ४५० जीएसएमचे (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन). ६०० चा जाडजूड टॉवेल दमट हवेत वाळता वाळत नाही आणि आंबट वास धरतो. समुद्रावर न्यायला चॉकलेटी रंगाचे वेगळे टॉवेल दाराशी टोपलीत ठेवा. बाथरूममधले पांढरे टॉवेल वाळूत का जातात? दुसरं काही दिलेलं नसतं म्हणून.

पाणी: सगळ्यात महागडी झीज इथेच

टपकणारा नळ दिसतो. फ्लशची गळती दिसत नाही आणि रात्रभरात वरची टाकी रिकामी करते. फ्लशच्या टँकमध्ये खायच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हखालचा रबर वॉशर गेला आहे किंवा त्यावर क्षार बसला आहे. आधी वॉशर काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, चोळून परत बसवा. रबर कडक किंवा वाकडं झालं असेल तरच नवं आणा. महिन्यातून एकदा ही परीक्षा करायची.

अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. जुन्या पद्धतीने आवळून बंद करायची सवय असलेला हात तो नळ पिळतो, आणि पाण्यातून आलेला वाळूचा कण चकत्यांवर चरा पाडतो. मग कितीही आवळा, नळ गळणारच. त्या बाथरूमचं पाणी बंद करा, मुठीवरची टोपी काढून स्क्रू सोडा, मूठ ओढून घ्या आणि पान्याने स्पिंडल, म्हणजे चकत्या असलेला आतला भाग, उलट्या हाताने काढा. नवं आणायला जाताना जुनं खिशात घालूनच दुकानात जा. लांबी आणि वरच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते, नावावरून बरोबर मिळत नाही. टाकीतून उतरणाऱ्या पाइपवर जाळीचा फिल्टर बसवला की हा प्रकार कमी होतो.

जेट स्प्रेची लवचीक नळी म्हणजे रिकाम्या घरातला टाइमबॉम्ब. पाहुणा खालचा अँगल कॉक, म्हणजे नळीचं पाणी बंद करणारा छोटा नळ, उघडा ठेवून जातो, नळीवर दिवसरात्र दाब राहतो आणि आतलं रबर तडकतं. नळी दर दीड-दोन वर्षांनी, गळायची वाट न बघता बदला. आणि घर रिकामं असेल तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह बंद. हे केअरटेकरच्या यादीत पहिल्या ओळीत लिहा.

तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक सोडा ओतायची घाई नको. तो केस आणि चरबीवर चालतो, वाळूवर नाही. वाळू पाइपात आणखी घट्ट बसते. नहाणी ट्रॅपची (मोरीच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणाऱ्या वाटीची) जाळी उचलून हाताने वाळू काढा. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपला बादली लावून तळाची वाटी फिरवून सोडा. वाळू घरात येऊच नये म्हणून पायरीशी, गुडघ्याच्याही खाली एक नळ काढा, पुढे खडबडीत चिरा बसवा आणि पाणी माडाच्या आळ्यात सोडा. नळ बागेच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कोणी तिथे जात नाही; पायवाटेतच आडवा यायला हवा.

मासळीचंही तेच. बाजारातून सुरमई-पापलेट आणून घरी करायची हौस घेऊनच लोक येतात. सिंकमध्ये साफ केली की खवले ट्रॅपमध्ये अडकतात आणि तिसऱ्या दिवशी वास सुटतो. मागच्या अंगणात कमरेच्या उंचीचा छोटा ओटा, नळ, जाड फळी आणि एक झाकणाची बादली ठेवा. सुऱ्या धारदार ठेवा. बोथट सुरी दिली की लोक स्वयंपाकाच्या ओट्यावरच झटापट करतात.

भिंती, दारं, लाकूड

झीज ठरलेल्या जागी होते: दिव्यांच्या बटणांभोवती, पलंगाच्या डोक्याशी, जिन्याच्या वळणावर बॅगा घासतात तिथे, आणि दाराची मूठ आदळते त्या भिंतीवर. तिथेच खर्च करा. दाराला रबरी स्टॉपर, वळणावर कोपरा-पट्टी, पलंगाला उशीच्या वरपर्यंत येणारी पाठ. बाकी भिंतीला धुता येणारं, पण मॅट इमल्शन. चकाकणाऱ्या रंगावरचं ठिगळ लांबून दिसतं.

रंगकाम संपलं की उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यावर शेडचा नंबर, कंपनी, खोली, तारीख लिहा. ओरखडा आला तर अ‍ॅक्रिलिक पुट्टी भरून वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा, प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन पातळ हात. ब्रश नको, चार इंची रोलर घ्या. मूळ भिंत रोलरने रंगवलेली असते आणि ब्रशचे फराटे उन्हात ओळखू येतात. रंगाला दोन वर्षं होऊन गेली असतील तर ठिगळ लावूच नका. भिंत फिकी पडलेली असते. त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारा.

उशीमागच्या तेलाच्या डागावर थेट रंग मारला तर आठवड्याभरात तेल पुन्हा वर येतं. भांड्यांच्या लिक्विडच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, वर ऑइल बेस प्रायमर आणि मग रंग. पाण्याच्या प्रायमरमधून तेल झिरपतं.

कपाटाच्या बिजागरीचे स्क्रू गोल फिरायला लागले की सुतार येईपर्यंत दार लोंबकळत ठेवू नका. स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल घालून गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या ठासून भरा, चोवीस तासांनी बाहेरचा भाग कापून तोच स्क्रू पिळा. पार्टिकल बोर्ड फुगून भुसा झाला असेल तर हे टिकत नाही; बिजागरी दोन इंच वर-खाली सरकवा.

बोर्ड का फुगतो? ओल्या टॉवेलांमुळे. खुंट्या नसल्या की टॉवेल दारावर, खुर्चीच्या पाठीवर आणि पडद्याच्या दांडीवर जातात; दांडी वाकते ती त्याच वजनाने. माणशी दोन खुंट्या, आणि व्हरांड्यात दोरी व चिमटे. दोनेकशे रुपयांत पडदा, दार आणि खुर्ची तिन्ही वाचतात.

खारी हवा पाहुण्यांच्या नावावर टाकू नका

गंजलेली कडी पाहुण्याच्या हातात तुटली तर ती त्याने तोडलेली नसते. बाजारात स्टील म्हणून मिळणाऱ्या स्वस्त कड्या-बिजागऱ्या बऱ्याचदा २०२ ग्रेडच्या असतात आणि समुद्राजवळ एकदोन पावसाळ्यांतच त्यांना तांबेरा येतो. ३०४ घ्या, अगदी लाटांसमोरचं घर असेल आणि परवडत असेल तर ३१६. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, अस्सल ३०४’ म्हणेल. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळाला अर्थ नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. ३०४ वरही समुद्राजवळ तपकिरी छटा येतेच. पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने पुसून कोरडं करा. कुलपात तेल घालू नका, तेलाला वाळू चिकटते. ग्राफाइटची पूड फुंका. लॅच लॉकची किल्ली हरवली तर अख्खं लॉक बदलायची गरज नसते, आतला सिलिंडर तेवढा नवा मिळतो.

स्वयंपाकघर आणि विजेची उपकरणं

इथे थोडक्यात. नॉनस्टिक भांडी काढून टाका. दुसऱ्या हंगामापर्यंत स्टीलच्या उलथन्याने त्यांचं चाळण झालेलं असतं. स्टीलची पातेली, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई, बिडाचा तवा. मिक्सर ‘जळला’ असा फोन आला की आधी बुडाशी असलेलं ओव्हरलोडचं लाल बटण दाबायला सांगा. बहुतेक वेळा तेवढंच असतं. कुकरची जास्तीची गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरचा कपलर, नळाचं एक स्पिंडल, जेटची एक नळी, टेफ्लॉन टेप, फ्लशचा वॉशर, रिमोटचे सेल आणि दोन बल्ब एका डब्यात घरातच असू द्या. रविवारी रात्री आठला गुहागरात दुकान उघडं मिळेल या भरवशावर राहू नये.

एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवा. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात, पण पाहुणा १६ करून व्हरांड्याचं दार उघडं ठेवतो. भांडण्यापेक्षा दाराला आपोआप मिटवणारा क्लोजर लावा.

पैसे कधी मागायचे

चादरीचा डाग, फुटलेले दोन कप, भिंतीवरचा ओरखडा, सैल मूठ: हे भाड्यातच धरलेलं असतं. प्रत्येक बुकिंगमधून शेकडा सात-आठ रुपये वेगळ्या खात्यात टाकलेत तर यातलं बहुतेक त्यातून निघतं. मागायचं ते निष्काळजीपणाचं: सिगारेटने जळलेली गादी, फुटलेला टीव्ही, घरात नको म्हटलेल्या पार्टीनंतरची सफाई.

तेही नव्याच्या किमतीने नाही. ९,००० रुपयांची गादी, आयुष्य सहा वर्षं धरलेलं, चार वर्षं वापरून झाली. उरलेली किंमत एक तृतीयांश, म्हणजे ३,०००. एवढेच मागा, आणि खरेदीचं बिल सोबत जोडा. हिशेब दाखवला की हुज्जत कमी होते.

पाहुणा गावात असतानाच कळवावं. मजकूर साधा असू द्या: ‘नमस्कार. मधल्या खोलीतल्या गादीवर जळल्याची खूण दिसली, आधीचा आणि आजचा फोटो पाठवतो आहे. तुमच्याकडून झालं असेल तर वापर वजा जाता ३,००० रुपये होतात, बिल सोबत आहे. काही वेगळं घडलं असेल तर जरूर सांगा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. कधी कधी खरंच वेगळं घडलेलं असतं, आणि आधीचा फोटो नसेल तर मेसेज न पाठवलेलाच बरा.

अनामत घेत असाल तर हिशेब चोवीस तासांत करून उरलेली रक्कम परत करा. एअरबीएनबीवरून आलेल्या पाहुण्याबाबत भरपाईची मागणी त्यांच्याच साइटवरून, पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागते, आणि नेहमीची झीज त्यात धरत नाहीत.

या सगळ्याची एक वही ठेवा. तारीख, वस्तू, काय झालं, कारण, खर्च. हंगाम संपला की वस्तूंच्या नावांवरून बोट फिरवा. एकच नाव तीनदा आलं असेल तर दुरुस्ती थांबवून वस्तू बदला, नाहीतर जागा.

पावसाळ्याआधी

बंद घरात दोन महिन्यांत बुरशी जेवढं खाते तेवढं पाहुणे वर्षभरात खात नाहीत. मेच्या अखेरीस गाद्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा आणि भिंतीपासून सुट्या, उभ्या ठेवा. कपाटांची दारं उघडी राहू द्या. चादरी पूर्ण वाळल्यावरच झाकणाच्या पेटीत. फ्रिज पुसून, दार फडक्याने किंचित उघडं. गॅसचा रेग्युलेटर काढा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नहाणी ट्रॅपमध्ये मात्र दर पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ट्रॅप सुकला की झुरळं आणि गटाराचा वास दोन्ही त्याच वाटेने वर येतात. भिंतीवर बुरशी धरलीच तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, खिडक्या उघड्या, दहा मिनिटांनी पुसून पंखा लावा. कोरड्या बुरशीवर झाडू मारू नका. ती उडून बाकीच्या तीन भिंतींवर बसते.